पोर्ट लुईत खापरपणजोबांच्या काकांचा माग काढताना

आमच्या मालवणकडच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलेत की खापरपणजोबांचे धाकटे काका मुंबईहून जहाजाने मॉरिशसला उसाच्या कामावर गेले ते परत आलेच नाहीत. त्यांची पुढची पिढी कुठे आहे ते बघायला ह्या वर्षी पोर्ट लुईला, म्हणजे मॉरिशसच्या राजधानीत, जाऊन आलो. कोकणात, साताऱ्याकडे अजून कितीतरी घरांत अशी अर्धी गोष्ट असणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

पहिली गोष्ट म्हणजे आडनाव धरून शोधू नका. तिथे गेलेल्या माणसाचं नुसतं नाव आणि बापाचं नाव लिहिलं जायचं, आणि पुढे बऱ्याच घरांत त्या मूळ पुरुषाचं नावच आडनाव झालं. म्हणजे आपले इथले सावंत-परब तिथे सापडणारच नाहीत, सापडेल तो एखादा सखाराम किंवा तुकाराम, तोही क्लार्कला जसं ऐकू आलं तशा स्पेलिंगमधे. त्यामुळे निघायच्या आधी घरातल्या म्हाताऱ्या माणसांकडून जाणाऱ्याचं नाव, त्याच्या बापाचं नाव, गाव आणि साधारण कधी गेला हे चार तुकडे काढून घ्या, बाकी काही नसलं तरी चालेल. अजून एक, रजिस्टरमधे नुसतं रत्नागिरी लिहिलेलं असलं तर सिंधुदुर्गवाल्यांनी पान उलटू नये, तो जिल्हा 1981 ला वेगळा झाला, आधी सगळं रत्नागिरीच होतं. सावंतवाडी मात्र संस्थान होतं, ते वेगळं लिहिलेलं असू शकतं.

पोर्ट लुईत उतरल्यावर आधी आप्रवासी घाटावर जा. 1834 पासून हिंदुस्थानातून जवळजवळ साडेचार लाख मजूर ह्या बेटावर आले, आणि 1849 ला तिथे मजुरांचा डेपो बांधल्यापासून ते इथेच उतरवले जायचे. बोटीतून वर यायच्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत, 2006 पासून युनेस्कोच्या यादीत आहे, प्रवेश मोफत. पायऱ्यांपाशी मला बराच वेळ हलावंसं वाटलं नाही. शेजारच्या माहिती केंद्रात एक तास तरी घालवा कारण नंबर कसे द्यायचे, नोंदी कशा ठेवायचे हे तिथे कळतं आणि पुढे रेकॉर्ड वाचताना त्याचा फार उपयोग होतो.

खरं काम मात्र मोका इथे, महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमधे. मजुरांची मूळ रजिस्टरं तिथल्या अर्काइव्हमधे आहेत. प्रत्येकाला एक इमिग्रंट नंबर, आणि त्यासमोर नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, गाव, जहाज. 1860 च्या दशकापासून पुढच्या काही लोकांचे तर फोटो पण आहेत. नुसतं दार ठोठावून काम होत नाही, आधी ईमेल करून वेळ आणि कागदपत्रं काय लागतात ते विचारा. मेट्रोने रोझ हिलवरून रेड्युइटपर्यंत जाता येतं, पुढे टॅक्सी करा.

आमच्या माणसाशी जुळणारी नोंद मिळाली, नाव आणि बापाचं नाव बरोब्बर, गावाचं स्पेलिंग पार मोडलेलं पण दोनदा मोठ्याने वाचल्यावर आमचंच गाव. तरी ती नोंद आणि आजचं एखादं घर ह्यात दीडशे वर्षांचं अंतर आहे, आणि ते नुसत्या कागदावरून नाही, माणसांच्या मदतीनेच भरून निघतं. नंबर हातात असेल तर तिकडच्या कुटुंबाला विचारा, कारण बऱ्याच घरांनी पणजोबांचा नंबर किंवा दाखला जपून ठेवलाय. तिथून पुढच्या पिढ्या सिव्हिल स्टेटस ऑफिसच्या जन्म-लग्नाच्या दाखल्यांवरून जोडता येतात, पण ते दाखले त्याच कुटुंबाने मागितलेले बरे.

मराठी घरं शोधायला वाक्वा हे शहर बघा, मेट्रो थेट जाते. तिथल्या मंदिरात पुजाऱ्यांशी आणि वयस्कर लोकांशी बोललो, त्यांनीच फोन फिरवले आणि एका घरी नेलं. तिथल्या आजींना मराठी थोडं येत होतं, नातवाने शाळेत शिकलेलं, बाकी बोलणं क्रिओल (तिथली रोजची बोली) आणि इंग्लिशमधे. नंबर जुळला! तरीही मी त्यांना "बहुतेक आपण एकाच घरातले" असंच म्हटलं आणि तुम्हीही तेवढंच म्हणा, कारण मधल्या एका पिढीचा दाखला अजून यायचाय आणि खोटी आशा लावणं वाईट. डीएनए टेस्टचा सल्ला बरेच जण देतात, पण इतक्या लांबच्या चुलत नात्यात बऱ्याचदा काहीच जुळत नाही, म्हणजे नाही जुळलं तर नातं नाही असं समजू नका.

वंशावळ रोमन लिपीत छापून न्या, त्यांची बाजू लिहायला जागा मोकळी ठेवा. म्हाताऱ्या माणसांचं बोलणं परवानगी घेऊन रेकॉर्ड करा, झाकरीची (तिथल्या मराठी लोकांचा गाण्या-नाचाचा प्रकार) गाणी येत असतील तर ती पण, आपल्या जाखडीशी त्यांचं नातं ऐकताक्षणी कळतं. गणेश चतुर्थीला सगळी मराठी मंडळी एकत्र भेटतात, पण त्या दिवशी तिथे सार्वजनिक सुट्टी असते, 2 नोव्हेंबरला, मजूर आल्याच्या दिवशी, पण. म्हणून आठवड्याचे मधले दिवस अर्काइव्हला ठेवा आणि शनिवार-रविवार वाक्वाला, तेव्हाच माणसं घरी सापडतात.