बीए की बीएस्सी, आणि एका जहाजाचा हिशोब

मी नेदरलँड्समध्ये नक्की काय शिकते हे आत्याला अडीच वर्षं झाली तरी पटलेलं नाही. समजलंय, पण पटलेलं नाही. चूक माझीच, मी एकदा तिला सांगून बसले की इथे सोशिऑलॉजी, पॉलिटिकल सायन्स वगैरे केलं की बीएस्सी मिळते आणि इतिहास, साहित्य, फिलॉसॉफी केलं की बीए, आणि आमच्याकडे दोन्हीकडचे विषय एकत्र घेता येतात त्यामुळे मेजर, म्हणजे मुख्य विषय, कशात आहे त्यावर शेवटी ठरतं. "प्रयोगशाळा नाही, जर्नल नाही, आणि बीएस्सी?" असं म्हणून तिने फोन सरळ बाबांच्या हातात दिला.

तर आज तेच जरा नीट सांगते.

इथे ह्या प्रकाराला युनिव्हर्सिटी कॉलेज म्हणतात. पहिलं उट्रेक्टला निघालं, 1998 मध्ये, जुन्या लष्करी बराकींच्या आवारात, आणि त्यामागे हान्स आद्रियान्सेन्स नावाचे सोशिऑलॉजिस्ट होते. मग मास्ट्रिख्ट, मिडलबर्ग, अ‍ॅमस्टरडॅम, हेग असं करत एकेक निघत गेलं. तीन वर्षं, 180 क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे 28 तासांचं काम. हे कागदावर, रीडिंगची यादी बघितली की 28 आकडा कुणी काढला त्याला शोधावंसं वाटतं. शिकवणं इंग्लिशमध्ये, वर्ग लहान, त्यामुळे मागच्या बाकावर बसून वेळ काढायची सोयच नाही. प्रोफेसरला पहिल्या नावाने हाक मारायची असते, ते मला काही केल्या जमेना, म्हणून पहिले दोन महिने मी सर पण म्हटलं नाही आणि नाव पण घेतलं नाही, नुसती जवळ जाऊन खाकरायचे.

मार्क दहापैकी, 5.5 ला पास. दहा देवाला आणि नऊ मास्तरांना अशी इथे म्हण आहे, म्हणजे आपण आठवर खूश व्हायचं. पहिल्या वर्षी ठरलेले क्रेडिट मिळाले नाहीत तर कोर्स सोडावा लागतो आणि युरोपबाहेरच्या आपल्यासारख्यांच्या डोक्यावर व्हिसाची टांगती तलवार वेगळीच, वर्षाला निम्मे तरी क्रेडिट हवेत, नाहीतर कॉलेजला तसं इमिग्रेशनला कळवावं लागतं. फी युरोपियन मुलांपेक्षा कितीतरी पट, तो आकडा इथे लिहून बाबांचा दिवस खराब करत नाही.

माझ्या पहिल्या निबंधाला 5.8 मिळाले होते. विषय साखर. मी काय केलं, एक तुकडा इतिहासाचा, एक अर्थशास्त्राचा, वर एका कवितेचं रसग्रहण, आणि स्वतःवर जाम खूश, मला वाटलं काय सुंदर गोधडी शिवलीय. बाईंनी परत दिला तेव्हा कळलं की शिवलेलं काहीच नाही, चिंध्यांची पिशवी आहे. त्यांचा प्रश्न एकच होता, की तुझा इतिहासवाला भाग बरोबर असेल तर तुझा अर्थशास्त्रवाला भाग बरोबर असू शकतो का? मी वाचून बघितलं, तर खरंच दोन्ही भाग एकमेकांच्या उलट बोलत होते आणि माझ्या ते लक्षातही आलं नव्हतं!

लोकांना (आणि ॲडमिशन घेताना मलाही) वाटतं इंटरडिसिप्लिनरी म्हणजे थोडं हे थोडं ते. पण ते सगळं एकमेकांशी जुळवावं लागतं. त्यातलं सगळ्यात वैतागवाणं म्हणजे एकच शब्द दोन वर्गांत दोन अर्थांनी येतो. 'इन्स्टिट्यूशन' घ्या. इकॉनॉमिक्सच्या वर्गात म्हणजे नियम, करार, कायदे, लिखित असो की अलिखित. दोन दारं सोडून सोशिऑलॉजीच्या वर्गात त्यात कुटुंब येतं, धर्म येतो, लग्न येतं. माझ्या वर्गातली डच पोरं गोंधळली होती, मला मात्र इथे मराठी कामाला आली, कारण आपल्याकडे विवाहसंस्था पण संस्था, जातिसंस्था पण संस्था आणि पतसंस्था पण संस्थाच! एरवी भाषेचा असा फायदा क्वचित होतो. 'डिस्कोर्स'ला (एखाद्या विषयावर बोलायची-विचार करायची ठरलेली पद्धत) मराठीत एका शब्दात काय म्हणू हे अजून ठरत नाहीये.

असो. मला हे सगळं खऱ्या अर्थाने कळलं ते मिडलबर्गला. झेलंड प्रांताचं हे छोटं शहर, पार दक्षिणेला समुद्राकडे, ट्रेनने जाताना शेवटी शेवटी बाहेर नुसतं सपाट आणि आभाळ. 1720 मध्ये इथे एक व्यापारी कंपनी निघाली, तिने शंभरावर वेळा जहाजं पश्चिम आफ्रिकेत पाठवली, तिथून गुलाम घेऊन कॅरिबियन आणि सुरिनाम ह्या दक्षिण अमेरिकेतल्या डच वसाहतीला, तिथून माल घेऊन परत. कंपनी बंद झाली पण तिची दप्तरं जवळजवळ जशीच्या तशी राहिली, 2011 मध्ये युनेस्कोने ती जागतिक स्मृतींच्या यादीत घेतली. आमच्या चौघांच्या ग्रुपला एका सफरीचे कागद दिले होते.

मला वाटलं होतं काहीतरी भयंकर दिसेल. दिसली ती सुबक अक्षरातली खतावणी. डावीकडे नावे, उजवीकडे जमा, तपकिरी पडलेली शाई, कुठे खाडाखोड नाही. कापड, दारूगोळा, ब्रँडी, लोखंडाच्या कांबी. कापडात आपल्याकडचं सुती कापड पण असायचं, आफ्रिकेच्या किनाऱ्यावर त्याला मागणी होती, ते बघून मी उगाच एक मिनिट गप्प झाले. आणि त्याच अक्षरात, त्याच रकान्यांत, पुरुष इतके, बायका इतक्या, मुलगे, मुली.

ग्रुपमधल्या इकॉनॉमिक्सवाल्याने तासाभरात सगळं एक्सेलमध्ये टाकलं आणि म्हणाला, बघा, ह्या धंद्यात सरासरी नफा फार नव्हता, काही सफरी तर तोट्यात गेल्या. तो चुकीचं बोलत नव्हता, इतिहासकारांनी हा हिशोब मांडलेला आहे. मी इतिहासवाली, मी लगेच सुरू झाले की मग चालू का ठेवला, भागधारक कोण होते, बंदरात ह्यावर कोणकोण जगत होतं. आमचं दोघांचं चांगलंच जुंपलं. आमच्यातली तिसरी मुलगी, तिचे आजी-आजोबा सुरिनामहून आलेले, ती बराच वेळ नुसती ऐकत होती. मग तिने लॅपटॉप स्वतःकडे वळवला आणि विचारलं, वाटेत मेलेली माणसं तुझ्या कुठल्या कॉलममध्ये आहेत? त्याने बोटाने दाखवलं. 'नुकसान'.

त्यानंतर आम्ही दहाएक मिनिटं कुणीच बोललो नाही.

ह्याच मुलीने मला दुसरी गोष्ट दाखवली. तिची आजी सरनामी बोलते, भोजपुरी-अवधीच्या घरातली भाषा, मला निम्मीअर्धी कळते. सुरिनाममधली गुलामगिरी डचांनी 1 जुलै 1863 ला रद्द केली, आणि भरपाई दिली ती मालकांना, माणशी 300 गिल्डर (तेव्हाचं डच चलन). वर सुटलेल्या लोकांना आणखी 10 वर्षं सरकारी देखरेखीखाली मळ्यांवर काम करायची सक्ती, म्हणजे खरी सुटका 1873 च्या जुलैत. हे मी इतिहासाच्या कोर्समध्ये शिकले होते. मायग्रेशनच्या सोशिऑलॉजीमध्ये शिकले होते की कलकत्त्याहून निघालेलं 'लाला रूख' नावाचं जहाज सुमारे 400 गिरमिटिया, म्हणजे करारावर नेलेले, मजूर घेऊन 5 जून 1873 ला सुरिनामला लागलं. दोन्ही कोर्सना मला चांगले मार्क होते. दोन्ही तारखा पाठ होत्या. पण दोन वेगळ्या वह्यांत! तिने त्या एकाखाली एक लिहिल्या, मधे चार आठवड्यांचं सुद्धा अंतर नाही, आणि मला स्वतःची लाज वाटली. मळ्यांना माणसं लागणारच होती, ती कुठून आणायची ह्याची सोय आधीच झालेली होती, एवढं साधं. चौथा आमचा साहित्यवाला, त्याने सांगितलं की जहाजाचं नाव एका आयरिश कवीच्या 1817 च्या लांबलचक कवितेतलं आहे, त्यातली लाला रूख ही लग्नाला निघालेली मुघल राजकन्या. मजुरांच्या जहाजाला हे नाव. त्या पेपरला आम्हाला आठ मिळाले.

आता ज्यांना यायचंय त्यांच्यासाठी दुसरी बाजू पण लिहिते, नाहीतर म्हणाल नुसतं गोड गोड सांगते. पुढे मास्टर्सला बऱ्याच ठिकाणी ठराविक विषयाचे ठराविक क्रेडिट मागतात, तुम्ही सगळीकडे चरत बसलात तर ऐनवेळी कमी पडतात आणि मग राहिलेले विषय भरून काढायचं प्री-मास्टर नावाचं शेपूट लागतं. त्यामुळे दुसऱ्या वर्षापासूनच उलटं मोजत या. स्टॅटिस्टिक्स टाळू नका, मी टाळलं, शेवटच्या वर्षात पहिल्या वर्षाच्या पोरांबरोबर बसले. आणि डिग्री झाल्यावर नोकरी शोधायला एक वर्ष राहता येतं, त्याला इथे झूकयार म्हणतात, पण मुलाखतीत 'म्हणजे तू नक्की काय आहेस' हा आत्याचा प्रश्न डच माणूस पण विचारतोच.

माझा थिसिस ह्याच 1873 वर चाललाय. गाईड दोन, एक इतिहासाचे, एक सोशिऑलॉजीच्या. संशोधनाच्या प्रश्नावर दोघांचं पहिल्याच मीटिंगमध्ये जमलं, मी म्हटलं सुटले. मग संदर्भ कसे द्यायचे ह्यावर तीन आठवडे गेले. इतिहासवाल्यांना खाली तळटीपा हव्यात, सोशिऑलॉजीवाल्या बाईंना मजकुरातच कंसात नाव आणि वर्ष. दोघेही अतिशय प्रेमाने म्हणतात, तुला योग्य वाटेल तसं कर. सध्या फाईलमध्ये दोन्ही आहे आणि ड्राफ्ट शुक्रवारी द्यायचाय.