हामानाच्या नावानं

पुरिम हा आम्हा यहुद्यांचा सण. त्याच्या नाटकात दुष्ट प्रधान हामानाचं काम कोणी करायचं, यावरून आमच्या मंडळात सणाआधी दरवर्षी वाद व्हायचा. एस्तेर राणीसाठी मुली पुढे येत, तिचा चुलतभाऊ मर्दखय याच्यासाठी एखादा गंभीर चेहऱ्याचा मुलगा ओढून आणावा लागे. पण हामान म्हटलं की सगळ्या पोरांचे हात वर. शिव्या खायच्या, राणीच्या पायाशी लोळण घ्यायची आणि शेवटी फासावर जायचं, यात कसलं आलंय सुख, असं आई म्हणे. पण प्रेक्षक ज्याच्या नावानं बोंब मारतात तोच नाटकाचा खरा राजा, हे आम्हाला फार लवकर कळलं होतं.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, मूळचे अलिबागकडचे आणि पुढे मुंबईत स्थिरावलेले. यहुदी पंचांगातल्या अदार महिन्याची चौदावी तिथी, म्हणजे पुरिम, बहुतेक वर्षी फाल्गुनी पौर्णिमेला लागूनच येते, त्यामुळे घरातल्या जुन्या बायका पुरिमाला सरळ होळीचा सण म्हणत आणि पुरणही शिजवत. आदल्या दिवशी एस्तेरचा उपास. संध्याकाळी सिनेगॉगमध्ये, आमच्या प्रार्थनामंदिरात, मेगिला म्हणजे एस्तेरचं पुस्तक वाचलं जाई. प्रार्थना चालवणाऱ्या हझानसाहेबांच्या तोंडून ‘हामान’ निघायचा अवकाश, की आम्ही पाय आपटायचो, खडे भरलेले डबे वाजवायचो. त्याचं नाव कोणाच्या कानी पडू नये म्हणून हा सगळा गोंगाट. हझानसाहेब डोळे मिटून थांबत, आवाज विरला की पुढची ओळ घेत. त्याच्या दहा मुलांची नावं मात्र ते एका दमात म्हणत आणि आम्ही त्यांचा श्वास पुरतो का, ते बघत बसायचो.

मंडळाचं स्नेहसंमेलन त्यानंतरच्या रविवारी. आधी मुलांचं नाटक, मग कीर्तन, मग जेवण. कपडे भाड्यानं आणलेले असत. ड्रेपरीवाल्याकडे गोष्टीतल्या इराणी शूशन शहराचा पोशाख कुठून असणार? त्यामुळे अहश्वेरोश राजा शिवकालीन अंगरख्यात यायचा आणि हामानाच्या डोक्यावर कंसाचा मुकुट असायचा. कोणाला काही खटकत नसे. मला तर अजूनही वाटतं, मुकुटाची निवड अगदी बरोबर होती.

नाटकापेक्षा मला ओढ कीर्तनाची. 1880च्या सुमारास मुंबईतल्या आमच्या लोकांनी हरिदासी कीर्तनाचा थाट उचलला आणि तनाखमधली, म्हणजे यहुदी बायबलमधली, आख्यानं त्यात बसवली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यातलं मोठं नाव. आमचे कीर्तनकार नाना त्याच परंपरेतले. पेटी, तबला, झांजा. साकी, दिंडी, ओवी सगळं काही. पहिल्याच वाक्याला ते थांबत. अहश्वेरोशाचं राज्य कुठून कुठवर, तर हिंदुस्थानपासून आफ्रिकेतल्या कूशपर्यंत, 127 प्रांत! “म्हणजे आपण पहिल्याच ओळीत आलो की हो,” असं म्हणून ते श्रोत्यांकडून टाळी वसूल करत.

पुढची गोष्ट सगळ्यांना तोंडपाठ. मर्दखय वाकून मुजरा करत नाही म्हणून हामान त्याच्या साऱ्या जमातीवर उठतो, चिठ्ठ्या टाकून कत्तलीचा दिवस ठरवतो, राजाला 10,000 किक्कार वजनाच्या चांदीची लालूच दाखवतो. राजा बोटातली मुद्रा काढून देतो आणि दोघं पीत बसतात. मर्दखयासाठी पन्नास हात उंच खांबही उभा राहतो. नाना हे सगळं भराभर सांगत आणि मग एका रात्रीवर येऊन ठेपत. त्या रात्री राजाला झोप लागत नाही. बस, इतकंच. आकाशवाणी नाही, वीज नाही. झोप येईना म्हणून दप्तर वाचून घेतलं, त्यात मर्दखयानं राजाचा जीव वाचवल्याची जुनी नोंद निघाली. तेवढ्यात हामान दारात हजर. “ज्याचा मान करावा असं राजाच्या मनात आहे, त्याचं काय करावं?” हा मान आपलाच, असं समजून हामान राजवस्त्रं मागतो, राजाचा घोडा मागतो. आणि मग त्याच घोड्याचा लगाम धरून त्याला मर्दखयाला गावभर मिरवावं लागतं. नाना लगाम धरल्यासारखा हात करून, मान खाली घालून व्यासपीठावर दोन फेऱ्या मारत. सभागृह नुसतं खदखदत असे. एस्तेरच्या पुस्तकात देवाचं नाव एकदाही येत नाही, हे ते याच ठिकाणी सांगत आणि त्यावर काहीही न बोलता अभंग उचलत.

नववा अध्याय मात्र ते गाळत. त्यात यहुद्यांनी 75,000 वैरी मारल्याचा आकडा आहे. लुटीला कोणी हात लावला नाही, हे तिथे तीनदा बजावून सांगितलंय. पण संमेलनात पोरंबाळं समोर असताना तो आकडा न घेणंच मला आजही योग्य वाटतं.

एका वर्षी समोर बसलेल्या एका मुलीनं मध्येच उठून विचारलं, “नाना, हामानाला फाशी झाली, पण सही तर राजाची होती ना? त्याला काय शिक्षा?” मोठी माणसं हसली. नाना हसले नाहीत. पुढल्या वर्षी त्यांनी पुरिमाचं आख्यान बाजूला ठेवून अहाबाचं लावलं.

अहाब म्हणजे जुन्या इस्राएलातल्या शोमरोनचा राजा. वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा. राजा विकत मागतो. नाबोथ म्हणतो, वाडवडिलांचं वतन देणार नाही. राजा तोंड फिरवून निजतो, जेवत नाही. मग ईजबेल राणी राजाच्या मोहरेनं पत्रं धाडते, दोन खोटे साक्षीदार उभे करते आणि नाबोथाला दगडांनी ठेचून मारतात. समोर बसलेले निम्मे लोक अलिबाग-पेणकडचे, सातबाऱ्यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या पाहिलेले. त्यांना जमिनीचं दुखणं समजावून सांगावं लागलं नाही. आणि मळ्यात राजाला गाठणारा कोण, तर एलियाहू हनाबी, म्हणजे एलिया संदेष्टा, ज्याच्या नावानं आमच्या घरी प्रत्येक शुभकार्याला मलिदा होतो! बायकांनी पदर सावरले. “खून केलास आणि ताबाही घेतलास?” हे नानांनी इतक्या हळू विचारलं की मागच्यांना ऐकूच गेलं नाही.

अहाबाचा शेवटही अहश्वेरोशाच्या त्या उडालेल्या झोपेसारखाच, नुसता योगायोग. लढाईत तो वेश पालटून गेला होता, शत्रूला ओळखूच येऊ नये म्हणून. कोणीतरी शिपायानं नेम न धरता सहज बाण सोडला आणि तो नेमका चिलखताच्या सांध्यात शिरला.

त्या मुलीचं समाधान झालं नाही. जेवणाच्या पंगतीत तिनं पुन्हा विचारलं, “पण अहश्वेरोशाचं काय?” तोवर तिच्या पानात दुसरी पुरणपोळी पडली होती. आमच्या मंडळातली बरीच घरं पुढे इस्राएलात लोद, अश्दोद, दिमोनाला गेली. तीही गेली. तिथेही आमची माणसं जमली की कोणीतरी हा प्रश्न काढतंच आणि नानांनी त्या दिवशी तूप वाढता वाढता दिलेलं उत्तर ऐकवतं: “अगं, शेवटचा अध्याय उघडून बघ. एवढं रामायण घडल्यावर राजानं काय केलं? देशावर आणि बेटांवर कर बसवला!”