मे महिन्यात ब्रह्मगिरी, आत्या आणि थर्मामीटर

ऐन मे महिन्यात ब्रह्मगिरी चढायचा म्हटल्यावर घरात सगळ्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आत्या तेवढी लगेच तयार झाली. तिचा सगळा जन्म नर्सच्या नोकरीत गेलेला. पिशवीत पाण्याच्या बाटल्या, मीठ-साखरेची पुडी आणि थर्मामीटर. नाशिकहून एसटीने त्र्यंबकला उतरून पायथ्याशी पोचेपर्यंत साडेदहा वाजले. चढायच्या आधी तिने माझं तापमान बघितलं. ३६.८ अंश सेल्सिअस.

अर्ध्या वाटेतच मी घामाने निथळायला लागले. ओढणीने सारखी मान पुसत होते.

"पुसू नकोस गं, वाळू दे. घाम येऊन गार वाटत नाही, तो वाळला की वाटतं."

कातळाच्या सावलीत टेकलो तेव्हा तिने नीट सांगितलं. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा छोटासा भाग आहे. रक्त जरा तापलं की तो कातडीजवळच्या रक्तवाहिन्या रुंद करायला लावतो, म्हणजे आतली उष्णता बाहेर पडते. माझे गाल लाल झाले होते ते त्यामुळेच. पण बाहेरची हवाच कातडीपेक्षा गरम असली की ती वाट बंद. मग उरतो फक्त घाम. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. पायरीवर टपकलेला थेंब मात्र फुकट गेला. आपल्या घरातला माठ पाझरून पाणी गार करतो, अगदी तसंच. म्हणूनच नाशिकच्या कोरड्या ३८ अंशांपेक्षा मुंबईच्या दमट ३३ अंशांत जीव जास्त कासावीस होतो.

माथ्यावर भन्नाट वारा होता. पाच मिनिटांत अंग सुकलं आणि गडद निळ्या कुर्त्यावर मिठाच्या पांढऱ्या रेघा उमटल्या. मी बाटली तोंडाला लावणार, तेवढ्यात आत्याने थर्मामीटर पुढे केला. ३७.५. एवढं ऊन, एवढी चढण, आणि आत फरक जेमतेम पाऊण अंशाचा! शाळेत 'समस्थिती'ची व्याख्या घोकली होती: बाहेर काहीही बदललं तरी शरीर आतली स्थिती जवळपास कायम राखतं. वॉल्टर कॅनन या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२६ मध्ये त्यासाठी 'होमिओस्टॅसिस' हा शब्द दिला, हेही वाचलं होतं. ती व्याख्या खरी कळली ती त्या आकड्याकडे बघताना.

नुसतं पाणी घटाघटा पिऊ दिलं नाही तिने. मीठ-साखर घालून दिलं. रक्तात सोडियम लिटरमागे १३५ ते १४५ मिलिमोल एवढंच असावं लागतं. घामातून मीठ जात असताना साधं पाणी फार प्यालं तर रक्तातलं हे सोडियम पातळ होतं. "आणि सकाळपासून लघवीला गेलीस का एकदा तरी?" खरंच गेले नव्हते. पाणी कमी पडलं की मेंदूतून व्हॅसोप्रेसिन नावाचं संप्रेरक सुटतं आणि मूत्रपिंडं पाणी धरून ठेवतात. मला न विचारता केवढं काम चाललं होतं! माझे डोळेच भरून आले.

मूळगंगेवर उन्हाळ्यातली गोदावरी अगदी बारीक होती. ओंजळभर पाणी डोळ्यांना लावलं, जटा मंदिरात डोकं टेकवलं आणि उतरायला लागलो. वाटेत एका मावशीकडून पानाच्या द्रोणातली करवंदं घेतली, बोटं जांभळी होईपर्यंत खाल्ली.

पायथ्याशी थोडा वेळ बसल्यावर पुन्हा थर्मामीटर. ३६.९. आत्याने तो पदराला पुसून पिशवीत टाकला आणि रसवंतीच्या घुंगरांच्या दिशेने चालायला लागली.