वीस वर्षांच्या झेनसाठी जुन्या बाजारातले सुटे भाग

माझी मारुती झेन २००४ साली नोंदवलेली आहे. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते आणि त्यानंतर दर पाच वर्षांनी नमुना २५ मध्ये अर्ज करून, पर्यावरण कर भरून, मोटार वाहन निरीक्षकांना गाडी दाखवावी लागते. २०१९ मध्ये हे एकदा पार पडले होते, २०२४ मध्ये पुन्हा करायचे होते. १ एप्रिल २०२२ पासून नूतनीकरणाचे शुल्क ६०० रुपयांवरून ५,००० रुपये झाले होते आणि उशीर झाल्यास तेव्हा दरमहा ५०० रुपये वेगळे पडत. मुदत संपण्यापूर्वीच्या साठ दिवसांत अर्ज करता येतो. मी त्याच्याही आधी गाडी आमच्या मेस्त्रींकडे नेली आणि निरीक्षकांच्या नजरेने ती तपासून द्यावी, अशी विनंती केली.

त्यांनी काढलेले दोष असे होते: डाव्या हेडलाइटचा रिफ्लेक्टर काळवंडलेला आणि लाइट बसवायचा एक कान तुटलेला, टेललाइटला तडा, वायपर संथ, हँडब्रेक चढावर न धरणारा आणि सायलेन्सर सांध्यातून फुंकणारा. हँडब्रेकची केबल आणि ब्रेक शूज पुण्याच्या नाना पेठेत नवे मिळाले. हेडलाइट मात्र ‘लोकल’च, म्हणजे मूळ कंपनीचा नसलेला, उपलब्ध होता. मेस्त्रींनी तो भिंतीसमोर लावून दाखवला, तेव्हा डीपरचा प्रकाश खाली न राहता समोरच्याच्या डोळ्यांवर जाईल असा पसरत होता. असा लाइट तपासणीत कदाचित खपलाही असता. पण रात्री समोरून येणाऱ्या दुचाकीस्वाराला तो आंधळा करतो, आणि ते मला मान्य नव्हते. ‘साहेब, कटिंगच्या गाडीचा ओरिजिनल शोधा,’ म्हणजे भंगारात तोडायला आलेल्या गाडीचा मूळ लाइट शोधा, असा सल्ला त्यांनी दिला.

त्यासाठी मंगळवार पेठेत गेलो. तिथला जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, पण मोटारींचे सुटे भाग विकणाऱ्या दुकानांत इतर दिवशी गेलेले बरे, कारण गर्दी नसली की दुकानदार माल काढून दाखवायला वेळ देतात. झेनचा चेहरा २००३ मध्ये बदलला, त्यामुळे त्याआधीच्या गाडीचा लाइट नंतरच्या गाडीला बसत नाही. हे माहीत नसलेल्या ग्राहकाला कोणताही लाइट ‘झेनचाच’ म्हणून दिला जाऊ शकतो. मी जुना लाइट सोबत नेला होता आणि दुकानातल्या चाचांनी तो हातात घेताच मागच्या बाजूचे कान आणि फोकस जुळवण्याचे स्क्रू पाहून योग्य ढिगाकडे बोट दाखवले.

‘काच पाहू नका, पाठ पाहा,’ असे त्यांनी मला शिकवले, आणि हे शिक्षण मला त्या लाइटच्या किमतीहून मोलाचे वाटते. काच पुसून चकचकीत करता येते. परंतु आधीच्या मालकाने ६०/५५ वॅटच्या बल्बऐवजी १०० वॅटचा घातला असेल, तर होल्डरभोवतीचे प्लास्टिक पिवळे पडून वितळलेले दिसते आणि रिफ्लेक्टर मधोमध भाजलेला असतो. लाइट आपल्या कानाजवळ धरून हलवावा, आत काही खुळखुळले तर तो परत ठेवावा. स्क्रू पेचकसाने फिरवून रिफ्लेक्टर खरोखर हलतो का, हेही पाहावे, नाहीतर फोकस कधीच जुळत नाही. आतल्या चकाकीला बोट मात्र लावू नये. टेललाइट आणि वायपरची मोटर तिथेच मिळाली. मोटर त्यांनी बॅटरीला जोडून चालवून दाखवली.

सायलेन्सरही जुना घ्यावा असे मनात आले होते, पण चाचांनीच नको म्हटले. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत धुरातली वाफ आत थंड होऊन साचते आणि पत्रा आतून गंजतो, त्यामुळे बाहेरून धड दिसणारा सायलेन्सरही महिनाभरात फुटू शकतो. ब्रेकचे भाग, स्टिअरिंगचे बॉल जॉइंट आणि सीटबेल्ट याबाबत तर माझे मत ठाम आहे: अपघातात ताण सोसलेला पट्टा वरून नव्यासारखा दिसतो, म्हणून हे भाग नवेच घ्यावेत. ज्या भागावर क्रमांक कोरलेला असतो, विशेषतः इंजिन, तो कागदपत्रांशिवाय अजिबात घेऊ नये. मी प्रत्येक वस्तूची पावती मागितली आणि ती विनातक्रार मिळाली.

नवा सायलेन्सर बसल्यावर पीयूसी काढली. माझ्या गाडीसारख्या बीएस-२ (धुराच्या प्रदूषणाच्या मानकाचा दुसरा टप्पा) पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ०.५ टक्के आणि हायड्रोकार्बनची ७५० पीपीएम आहे. दोन्ही आकडे मर्यादेत आले. तपासणीत निरीक्षकांनी चासी क्रमांक पडताळला, सगळे दिवे, हॉर्न आणि वायपर चालू करून पाहिले, हँडब्रेक ओढायला लावला आणि हेडलाइटजवळ थोडे थांबून पुढे गेले. नोंदणी २०२९ पर्यंत वाढली. उजव्या हेडलाइटचा रिफ्लेक्टरही आता कडेने काळवंडू लागला आहे, त्यामुळे २००३ नंतरची एखादी झेन कटिंगला आली की कळवा, असे सांगून मी चाचांकडे माझा फोन नंबर देऊन ठेवला आहे.