आमची वाटचाल : रोलच्या जमान्यापासून जुन्या फोटोंपर्यंत

लातूरला आमचा स्टुडिओ वडिलांनी रोलच्या जमान्यात टाकला, पासपोर्ट, बारसं, लग्न, जे येईल ते. मोबाईल आल्यावर पासपोर्ट सोडलं तर दुकानात कोण कशाला येतंय, लग्नाच्या ऑर्डरी पण सीझनपुरत्याच. तरी एक काम कधी थांबलं नाही, "जुना फोटो आहे, तेवढा नीट करून द्या". आमच्या भागात त्याला कारण पण तसंच आहे, 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला अन् औसा, उमरग्याकडची गावंच्या गावं पडली, भिंतीवरचे फोटो मातीत गेले. मग कुणाकडं लग्नाच्या ग्रुपमधलं नखाएवढं तोंड उरलेलं, कुणाकडं काचेला चिकटलेला फोटो (तसला ओढून काढू नका हो, चेहरा काचेवरच राहतो, काचेसकट आणा, आम्ही तसाच स्कॅन करतो).

कॉम्प्युटरवर फोटो नीट लावून ठेवायला आधी पिकासा नावाचं सॉफ्टवेअर होतं, फुकट अन् सोपं, पण गुगलनं 2016 ला ते बंद केलं. तेव्हा ठरवलं, फोटोतल्या माणसांची नावं सॉफ्टवेअरच्या पोटात नकोत, फोटोच्या फाईलमधेच पाहिजेत. त्याच कामाचं लाईटरूम भारीच आहे, पण वर्गणी भरत राहा. शेवटी डिजिकॅम घेतलं, ओपन सोर्स आहे (म्हणजे फुकट, अन् त्याचा कोड सगळ्यांना खुला), चेहरे ओळखतंय, अन् सेटिंग चालू केली की नाव-गाव मेटाडेटात (फोटोच्या फाईलमधेच साठवलेली माहिती) लिहितंय, म्हणजे गिऱ्हाईकानं उद्या दुसरं कुठलं सॉफ्टवेअर घेतलं तरी सोबत जातंय. डोक्यावरून पदर ओढलेल्या बायका त्याला नीट सापडत नाहीत, तिथं आपणच बसायचं. अन् टॅगमधे नुसतं "आज्जी" लिहून उपयोग नाही, नातवंडांना दोन आज्ज्या असतात, म्हणून माहेरचं अन् सासरचं नाव, गाव, सगळं विचारून घेतो. साल माहीत नसलं तर "अंदाजे 1970-75".

खरी डोकेदुखी दुरुस्तीची. आता एआयवर एका क्लिकमधे फोटो चकाचक होतंय, आम्ही पण करून बघितलं. एका म्हातारीच्या कपाळावरचं अन् हनुवटीवरचं गोंदण त्यानं डाग समजून पुसलं, कातडी प्लास्टिकसारखी केली, वर डोळे पण जरा मोठे. पोरगा बघून म्हणला, "फोटो झकास झालाय, पण ही माझी माय नाही." तेव्हापासून एआय मागच्या पडद्याला, साडीच्या पोताला चालतं, चेहऱ्याला नाही. चेहरा फोटोशॉपमधे हातानंच, क्लोन टूलनं (चांगला भाग उचलून खराब जागी लावायचं हत्यार), नाक-डोळा जिथं पार उडालाय तिथं घरातल्या माणसाला शेजारी बसवून. साधा फोटो 600 डीपीआयला (म्हणजे इंचाला 600 ठिपके), लहान तोंड असलं तर 1200 ला स्कॅन करून टिफमधे (दर्जा कमी न होणारी फाईल) ठेवतो, त्या मूळ फाईलला हात लावायचा नाही, सगळं काम कॉपीवर.

"मोबाईलवर फुकट होतंय की," असं रोज कुणीतरी म्हणतंच. होतंय, नाही कुठं म्हणतो! आधी तिथं करून बघा, आवडलं तर आमच्याकडं यायचं कामच नाही. फक्त पितृपंधरवड्यासाठी फोटो पाहिजे असला तर गणपतीतच आणून द्या, नंतर रांग लागते अन् हाताचं काम घाईत होत नाही.