स्वादुपिंडासाठी चार आठवडे

पोटावर मार नाही, अपघात नाही, रात्री जेवणानंतर वरच्या पोटातून थेट पाठीत जाणारी कळ आली आणि तिसऱ्या दिवशी माणूस आयसीयूत श्वासासाठी झगडू लागला, की बाहेर थांबलेले नातेवाईक मला विचारतात, "डॉक्टर, ऑपरेशन का करत नाही?" हा प्रश्न मला कधीच गैरवाजवी वाटला नाही, कारण शिकाऊ सर्जन असताना मीही तोच विचारत असे.

अशा वेळी बहुधा स्वादुपिंडाचा दाह झालेला असतो. पाचकरस बनवणारा हा अवयव जठराच्या मागे, कण्यासमोर आडवा पडलेला असतो आणि प्लीहेची शीर त्याच्या पाठीला चिकटून जाते. पित्ताशयातला खडा नळीच्या तोंडाशी अडकला किंवा दारूमुळे दाह सुरू झाला, की त्याचेच पाचकरस त्याला पचवू लागतात. पहिल्या दोन आठवड्यांत पोट उघडले, तर मेलेला भाग कुठे संपतो आणि जिवंत कुठे सुरू होतो हे हाताला कळत नाही. ओढावे तर रक्ताची धार लागते, राहू द्यावे तर दोन दिवसांनी तेच पोट पुन्हा उघडावे लागते. एका तरुणाचे पोट आम्ही असे चार वेळा उघडले होते, आणि तो मला अजूनही आठवतो.

नेदरलँड्समधील सर्जनांनी २०१० मध्ये, मेलेल्या भागात जंतुसंसर्ग झालेल्या किंवा तसा संशय असलेल्या ८८ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. थेट पोट उघडलेल्यांपैकी ६९ टक्के रुग्णांना गंभीर गुंतागुंत झाली किंवा मृत्यू आला. आधी नळी घालून पू काढायचा आणि गरज पडली तरच लहान छेदातून आत जायचे, अशा गटात हे प्रमाण ४० टक्के होते. मृत्यूंमध्ये मोठा फरक नव्हता, हे प्रामाणिकपणे सांगायला हवे. पण दुसऱ्या गटातल्या ३५ टक्के रुग्णांचे नुसत्या नळीवर भागले. पुढे २०२१ च्या अभ्यासात, मृत भागाभोवती भिंत तयार होईपर्यंत नळी घालणेही लांबणीवर टाकले, तेव्हा ३९ टक्के रुग्णांना प्रतिजैविकेच पुरली. ही भिंत तयार व्हायला साधारण चार आठवडे लागतात.

आतडे फुटले, आतड्याचा रक्तपुरवठा तुटला, पोटातला दाब वाढून मूत्रपिंडे बंद पडू लागली, किंवा फुटलेली रक्तवाहिनी कॅथेटरने बुजवूनही रक्तस्राव थांबेना, तर मात्र एक तासही वाट पाहू नये. दाबासाठी पहिल्या दिवसांत पोट उघडले, तरी स्वादुपिंडाला हात न लावता बाहेर येणे, ही मला शिकायला सर्वांत अवघड गेलेली गोष्ट.

गेल्या पावसाळ्यात खड्यांमुळे आजारी पडलेल्या एका शिक्षिकांना तेविसाव्या दिवशी पुन्हा ताप चढला आणि सीटी स्कॅनमध्ये मृत भागात हवेचे बुडबुडे, म्हणजे जंतुसंसर्गाची खूण, दिसले. तोवर नाकातल्या नळीने त्यांना अन्न चालू होते आणि लघवीचा हिशेब तासातासाला ठेवला जात होता. आम्ही डाव्या कुशीतून नळी घातली, म्हणजे पुढे शस्त्रक्रिया लागलीच तर त्याच वाटेने जाता यावे. ती वेळ आली नाही. सूज पूर्ण ओसरल्यावर त्यांचे पित्ताशय मात्र आम्ही दुर्बिणीने काढले.