शिट्टी येते का?

गेल्या महिन्यात चर्चच्या युथ मिटिंगमध्ये पुन्हा तोच विषय, पोरं येत नाहीत. कोणी म्हणे कॅम्प घ्या, कोणी म्हणे चांगला स्पीकर बोलवा. मी गप्पच होतो, कारण मला मागच्या उन्हाळ्यातलं कुलूप आठवत होतं. चर्चच्या खिडकीची काच फुटली आणि आम्ही ग्राउंडचं गेट बंद केलं, आम्ही म्हणजे मीसुद्धा. शेजारच्या वस्तीतली पोरं खेळायला यायची, बरीचशी ख्रिश्चनही नव्हती, मला तेव्हा वाटलं चला कटकट गेली. आज त्याची लाज वाटते.

कारण गरीब पोरांसाठी चर्चचं दार उघडणाऱ्या डॉन बॉस्कोंचं काम सुरू कुठून झालं? ८ डिसेंबर १८४१, इटलीतलं तुरीन शहर. गवंडीकाम करणारा एक अनाथ पोरगा, बार्तोलोमेओ गारेल्ली, थंडीचा चर्चमध्ये आला. तिथल्या माणसाने त्याला मिस्साला, म्हणजे फादरांच्या प्रार्थनाविधीला, मदत कर म्हटलं, त्याला येत नव्हतं, तर त्याने मारून हाकललं. तेव्हा नुकतेच फादर झालेले डॉन बॉस्को म्हणाले, अहो माझा मित्र आहे तो, बोलवा त्याला परत. लिहिता येतं का, नाही. वाचता येतं का, नाही. मग विचारलं, शिट्टी वाजवता येते का? पोरगा हसला. मला सगळ्यात जास्त हेच भिडतं, की जे येत नाही त्यावर ते थांबले नाहीत, जे येतं तिथवर विचारत गेले.

आणि पुढे काय सोपं नव्हतं. पोरं वाढली तसा आरडाओरडा वाढला, लोकांच्या तक्रारी आल्या, एका जागेवरून दुसऱ्या जागेवर हाकलले गेले, एक कुरण भाड्याने घेतलं तर मालक म्हणाले तुमच्या पोरांनी गवत मुळापासून तुडवलं. शेवटी १८४६ च्या ईस्टरला वाल्दोक्कोला पिनार्दी नावाच्या माणसाची एक बुटकी शेड मिळाली. तिथे प्रार्थना होती, खेळ होते, पुढे रात्रीची शाळा आली, आणि पोरांना कामावर ठेवणाऱ्या मालकांशी ते लेखी करार करायचे, की याला मारायचं नाही, रविवारची सुट्टी द्यायची. या कामाला त्यांनी संत फ्रान्सिस द सेल्सचं नाव दिलं, आपलं नागपूरच्या सदर भागातलं कॅथेड्रल ज्यांच्या नावाचं आहे तेच.

म्हणून मला वाटतं नव्याने सुरू करायचं तर आधी गेट उघडा. आज नागपुरातला गारेल्ली डिलिव्हरीची बॅग पाठीवर घेऊन फिरतो, नाहीतर भरतीसाठी पहाटे ग्राउंड शोधत पळतो. त्याला स्पीकर नको, संध्याकाळी नावाने हाक मारणारं कोणीतरी पाहिजे.

फादरांशी बोललो, किल्ली माझ्याकडे आली. गेले तीन रविवार सहा ते आठ मी तिथे बसतो, कॅरम आणि एक फुटबॉल. पहिल्या दिवशी दोघं होते, काल अकरा. जाताना एकाने विचारलं, काका, फक्त रविवारीच काहून उघडता?